बेरिंगवर हातोडी मारायच्या आधी हे वाचा

ह्या पावसाळ्यात खानापूरच्या आमच्या शेडमधल्या कटर मशीननं (पुस्तकात टेबल सॉ म्हणतात, इकडं कटरच) सागवानाच्या फळ्या जाळायला सुरुवात केली. म्हणजे कापलेल्या बाजूवर काळपट पट्टे उठायचे, वासही जळका. ब्लेड बोथट झालं असणार म्हणून मी धार लावून आणली, तरी पट्टे तसेच, परत लावून आणली, परत तसेच. शेवटी मामा आले, आमचे मोठे मेस्त्री, त्यांनी मेन स्विच पाडला, फ्यूज काढून खिशात टाकला आणि मगच मशीनला हात लावला. ही खिशातल्या फ्यूजची सवय सगळ्यांनी लावून घ्या, कुणीतरी चुकून स्विच वर करतंच.

ब्लेड आणि मोटरचा पट्टा दोन्ही उतरवून मामांनी नुसता शाफ्ट दोन बोटांनी हळू फिरवला आणि मला म्हणाले, "आता तू फिरवून बघ, काय लागूलाय?" बोटाला बारीक खरखर लागत होती, दळताना जात्यात खडा यावा तशी, आणि ती सुद्धा थांबून थांबून, ठरावीक अंतरावर. मग शाफ्ट वरखाली हलवला तर किंचित खेळ, म्हणजे ढिलेपणा. मोटर चालू असताना हे कळतच नाही, सगळा आवाज एकत्र येतो.

म्हणजे दोष बेरिंगचा, शाफ्टला पेलणाऱ्या त्या दोन रिंगांचा ज्यांच्या मधे बॉल फिरतात. आमचं बेरिंग ६२०४ नंबरचं. हा नंबर वाचता येतो बघा, शेवटच्या ०४ ला ५ नं गुणलं की आतलं भोक २० मिलिमीटर, ०५ असेल तर २५. पण ०३ आला तर हा हिशेब लागत नाही, तिथं भोक १७ चं असतं. पुढं दोन्ही बाजूला रबरी सील असलेलं घ्यायचं का पत्र्याचं झाकण असलेलं हे विचारतील, लाकडाच्या कामाला रबरीच घ्या. पत्र्याच्या झाकणाला बारीक फट राहते, त्यातून भुसा आत शिरतो आणि ग्रीसमधलं तेल पिऊन टाकतो.

जुनं बेरिंग मी ग्राइंडरनं कापून उघडलं, कारण मला बघायचंच होतं. आतल्या चकचकीत वाटेवर सारख्या अंतरावर बारीक खळगे, नखानं जाणवतील एवढे, आणि दोन खळग्यांमधलं अंतर बरोबर दोन बॉलमधल्या अंतराएवढं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे मीच केलंय. दीड वर्षापूर्वी हेच बेरिंग घट्ट होतं, शाफ्टवर जात नव्हतं म्हणून मी बाहेरच्या रिंगवर हातोडी मारून बसवलं होतं. घट्ट बसायचं होतं आतल्या रिंगला, मार बसला बाहेरच्या रिंगला, आणि मधे कोण तर बॉल. बॉल रिंगला टेकतो तो जवळजवळ एका ठिपक्यावर, सगळा जोर त्या ठिपक्यावर येतो, त्यामुळं नुसतं नेहमीचं काम करतानाही तिथला दाब हवेच्या दाबाच्या हजारो पट असतो. त्यात हातोडीचा झटका आला की कडक पोलादही दबतं आणि खळगा कायमचा राहतो. अशा खुणांना ब्रिनेलिंग म्हणतात, स्वीडनच्या योहान ऑगस्ट ब्रिनेल ह्यांच्या नावावरून. त्यांनी १९०० साली धातूचा कडकपणा मोजायची पद्धत मांडली होती, कडक गोळी धातूवर दाबायची आणि पडलेला खळगा मोजायचा. मी शेडमध्ये नेमका तोच प्रयोग केला होता, फक्त नको त्या जागी.

खळगा पडला की प्रत्येक बॉल त्यावरून जाताना दणका देतो, तेलाचा थर जो एक मायक्रॉनच्या (मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास असतो तो तिथं तुटतो, पोलादाचे कण सुटतात आणि तेच कण पुढं वाळूसारखे घासत राहतात. शाफ्ट डुलायला लागतो, त्याच्याबरोबर ब्लेड, आणि ब्लेड फळीला बाजूनं घासलं की जळकट पट्टे.

नवीन बेरिंग बसवायला आम्ही बेळगावच्या उद्यमबागला लेथवाल्या काकांकडं गेलो. त्यांनी आतल्या रिंगवरच टेकेल असा पाईपचा तुकडा काढला, शाफ्टला थोडं तेल लावलं आणि हळूहळू दाबत नेलं, "निधान, निधान" म्हणत, म्हणजे कानडीत सावकाश. जोर शाफ्टवर बसणाऱ्या रिंगलाच द्यायचा, बॉलमधून तो जाताच कामा नये, एवढीच गोष्ट आहे. फारच घट्ट असेल तर बेरिंग गरम करतात. पोलाद एका अंशाला मीटरमागं साधारण १२ मायक्रॉन फुगतं, म्हणजे २० मिलिमीटरचं भोक ५० अंशांनी तापलं की १२ मायक्रॉन मोठं होतं. ऐकायला काहीच नाही, पण पकडही तेवढीच असते, म्हणून गरम बेरिंग पटकन सरकतं. ज्योतीवर मात्र धरू नका, सील आणि ग्रीस दोन्ही जातात.

मोटरचा पट्टाही बदलला, ए सेक्शनचा, म्हणजे ए मापाचा व्ही पट्टा. व्ही पट्टा खोबणीच्या तळाला टेकता कामा नये, त्याची ताकद दोन्ही तिरक्या बाजूंच्या पाचरीत असते, सपाट पट्ट्याच्या जवळपास तिप्पट पकड त्या पाचरीनं मिळते. बाजू घासून पट्टा खाली बसला की ती पकड गेली, मग कितीही ताणा. उलट जास्त ताणला तर जोर नव्या बेरिंगवर येतो, आणि बॉल बेरिंगवरचा भार दुप्पट झाला की त्याचं आयुष्य आठव्या हिश्श्यावर येतं.

ब्लेड चढवताना मामांनी फ्लँज, म्हणजे ब्लेडला शाफ्टवर धरणारी चकती, फडक्यानं दोनदा पुसली. आमचं ब्लेड १२ इंची, फ्लँज ६० मिलिमीटरची, तिच्या कडेखाली केसाएवढा, ०.०५ मिलिमीटरचा कण राहिला तर ब्लेडच्या कडेला तो डगमग पाचपट होऊन पाव मिलिमीटर दिसतो. त्यात ही कड मिनिटाला २८८० फेऱ्यांना ताशी १६५ किलोमीटरच्या आसपास पळते. दात कार्बाईडचे, म्हणजे टंगस्टन कार्बाईडचे कण कोबाल्टनं बांधलेले, ह्याचं पेटंट जर्मनीत १९२३ चं. आमच्या सागवानात सिलिका असते ती दाताची धार खाते, आणि ओल्या लाकडातली आम्लं कोबाल्टला खातात, मग कण सुटतात. म्हणून दातावरचा डिंक साठू देऊ नका.

शेवटी गाईड तपासला, म्हणजे फळी जिला टेकवून पुढं सरकवतो ती पट्टी. एका दातावर पेनानं खूण करायची, तो दात पुढं आणून गाईडपासून माप घ्यायचं, मग तोच दात मागं नेऊन परत माप. वेगळा दात घेतला तर ब्लेडची डगमग मापात शिरते. मागचं माप कमी आलं तर फळी मागच्या दातांना अडकते, ते दात वर येणारे असतात आणि फळी उचलून सरळ तुमच्या अंगावर फेकतात. आमचं पाव मिलिमीटर कमी होतं, ते सारखं केलं.

फ्यूज परत घातला, अर्धा तास मशीन नुसतं चालवलं, बंद केलं, मग मामांनी बेरिंगच्या घरावर तळहात ठेवला आणि मलाही ठेवायला सांगितला. कोमट होतं, तेवढंच. मग सागवानाची फळी लावली आणि कापलेली कड पांढरट निघाली.