संतोष ट्रॉफीतला संतोष

सोलापुरात कुठल्याही पेठेत 'संतोष' म्हणून हाक मारली तर दोघं तरी वळून बघतील. त्यामुळे फुटबॉलची संतोष ट्रॉफी कुणा दिवंगत खेळाडूच्या नावाने असेल, असंच मला कित्येक वर्षं वाटायचं. पण संतोष हा माणूस नाहीच, ते गाव आहे; आजच्या बांगलादेशात, टांगाइलजवळ. तिथले महाराजा सर मन्मथनाथ रॉय चौधरी कोलकात्याच्या इंडियन फुटबॉल असोसिएशनचे अध्यक्ष होते. (नाव अख्ख्या भारताचं, कारभार बंगालपुरता. आजही तसंच.) ते 1939 मध्ये वारले. दोन वर्षांनी राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली, तेव्हा संस्थेने त्यांच्या स्मरणार्थ चषक दिला. 1941 च्या पहिल्या अंतिम सामन्यात बंगालने दिल्लीला 5-1 ने लोळवलं.

इथे क्लब खेळत नाहीत, राज्यं खेळतात. शिवाय सेनादल आणि रेल्वे. रेल्वेने 1961-62, 1964-65 आणि 1966-67 अशी तीनदा बाजी मारली. आमच्या रेल्वे कॉलनीत शेजारी एक टीसी काका राहायचे, खेळाडू कोट्यातून लागलेले. ड्यूटीवरून आले की काळा कोट खुंटीला लावायचे आणि पायरीवर बसून गुडघ्याचं क्रेप बँडेज सोडायचे. हौशी फुटबॉल म्हणजे तेव्हा हेच होतं: पगार रेल्वेचा, पोलिसांचा, बँकेचा नाहीतर गिरणीचा, आणि खेळ संध्याकाळी.

विजेत्यांच्या यादीची खरी गंमत सोलापूरकराला लवकर कळते. आपल्या सीमेपलीकडची राज्यं त्या यादीत नावं बदलत जातात. 1946 ला जिंकलं ते म्हैसूर. मग 1954-55 ला मुंबई. 1956-57 आणि 1957-58 ला लागोपाठ हैदराबाद, म्हणजे प्रशिक्षक रहीमसाहेबांच्या काळातलं. हैदराबाद राज्य 1 नोव्हेंबर 1956 ला मोडीत निघालं, पण संघाने नाव सोडलं नव्हतं! मुंबई राज्यही गेलं आणि 1963-64 ला करंडक उचलला तो 'महाराष्ट्रा'ने. 1965-66 ला आंध्र प्रदेश. कोल्हापुरात तालमींच्या फुटबॉल संघांसाठी गल्ल्या ओस पडतात. आपल्याकडे पार्क मैदान म्हणजे क्रिकेट. तरी मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ असलेल्या या शहराने त्या वर्षांत मनातून कुणाच्या बाजूने राहायचं, हा प्रश्न मला अजून सुटत नाही.

सत्तरचं दशक सगळ्यात रंगतदार. 1973 च्या डिसेंबरात कोचीला केरळने रेल्वेला 3-2 ने हरवून पहिलं विजेतेपद मिळवलं. तिन्ही गोल कर्णधार मणी यांचे. पुढच्याच वर्षी पंजाबच्या इंदरसिंग यांनी एका स्पर्धेत 23 गोल ठोकले आणि अंतिम सामन्यात बंगालला 6-0 अशी धूळ चारली. बंगालला!

1996 ला राष्ट्रीय लीग सुरू झाली आणि हळूहळू सगळं लक्ष क्लबांकडे गेलं. नावाजलेले खेळाडू राज्याकडून खेळेनासे झाले. महाराष्ट्राचं चौथं विजेतेपद 1999-2000 चं, त्रिशूरला केरळला हरवून मिळवलेलं. मार्च 2023 मध्ये तर अंतिम सामना थेट सौदीतल्या रियाधला झाला. कर्नाटकाने मेघालयाला 3-2 ने हरवलं आणि बातम्यांत आलं, 54 वर्षांनी विजेतेपद. ते आधीचं, 1968-69 चं, यादीत शोधायचं तर म्हैसूर या नावाने शोधावं लागतं.