तिरसट वृद्धाच्या कथेची पूर्वपीठिका

कुणाशी न पटणारा एकाकी वृद्ध आणि ध्यानीमनी नसताना त्याला लाभलेली मैत्री हा आजच्या कादंबरीचा लोकप्रिय विषय असला, तरी त्याचे मूळ ग्रीक रंगभूमीपर्यंत मागे नेता येते. इ. स. पूर्व ३१६ मध्ये अथेन्समध्ये सादर झालेल्या मेनँडरच्या ‘डिस्कोलोस’ या सुखात्मिकेतील शेतकरी क्नेमोन याला माणसांचा इतका तिटकारा असतो, की येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलावे लागू नये म्हणून तो रस्त्यालगतची जमीनच पडीक ठेवतो. पुढे तो विहिरीत पडतो आणि ज्याला त्याने कधी जवळ केले नाही, तो त्याच्या पत्नीचा पहिल्या विवाहातील मुलगा त्याला वाचवतो. तेव्हा, आपल्याला कुणाची गरज नाही हा आपला समज चुकीचा होता, असे क्नेमोन कबूल करतो. मात्र शेवटी आचारी आणि गुलाम त्याची यथेच्छ टवाळी करतात. त्या काळी असा म्हातारा हा मुख्यतः हसण्याचा विषय होता.

त्याच्या तुसडेपणामागचे दुःख वाचकांसमोर ठेवण्याचे श्रेय बऱ्याच अंशी एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी कथनसाहित्याला द्यावे लागेल. डिकन्सने १८४३ मध्ये ‘अ ख्रिसमस कॅरल’मधून कंजूष स्क्रूजचे एकाकी बालपण दाखवले. माझ्या मते त्याहून खोल काम जॉर्ज एलियटच्या ‘सायलस मार्नर’ (१८६१) या कादंबरीने केले. मित्राने केलेला विश्वासघात आणि चोरीचा खोटा आळ यांमुळे माणसांतून उठलेला हा विणकर परक्या गावात केवळ साठवलेल्या सोन्याच्या आधाराने जगतो. ते सोने चोरीला जाते आणि पुढे एक आईवेगळी लहान मुलगी त्याच्या घरात येते. तो तेव्हा वयाने वृद्ध नाही, पण गावाला तसाच भासतो. मूल वाढवण्यासाठी त्याला शेजारच्या डॉली विन्थ्रॉपकडे मदत मागावी लागते आणि त्या मागण्यातूनच गावाशी तुटलेला संबंध जुळतो, हे एलियटने फार समजून लिहिले आहे.

पुढे सामाजिक परिस्थितीही बदलली. जर्मनीने १८८९ मध्ये वृद्धापकाळ विम्याचा कायदा केला, निवृत्ती हा हळूहळू आयुष्याचा स्वतंत्र टप्पा ठरला आणि काम सुटलेल्या माणसाचे रिकामेपण कादंबरीत येऊ लागले. फ्रेडरिक बॅकमनच्या २०१२ मधील स्वीडिश कादंबरीचा (इंग्रजीत ‘अ मॅन कॉल्ड ओव्ह’) नायक ओव्ह ५९ वर्षांचा आहे. त्याची पत्नी वारली आहे आणि नोकरीही गेली आहे. मूळची इराणची शेजारीण परवानेह त्याला सहानुभूती दाखवून थांबत नाही, तर गाडी शिकवण्यापासून अनेक कामे त्याच्यावर सोपवते. ब्रिटनने २०१८ मध्ये एकाकीपणाच्या प्रश्नासाठी मंत्री नेमला, त्याच्या काही वर्षे आधीच ही कादंबरी अनेक भाषांत पोहोचली होती.

या परंपरेत वृद्ध स्त्रीला मध्यवर्ती स्थान क्वचितच मिळाले. एलिझाबेथ स्ट्राउटच्या ‘ऑलिव्ह किटरिज’ला २००९ मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळाले. त्यातील निवृत्त गणित शिक्षिकेचा फटकळपणा शेवटपर्यंत जात नाही आणि तरीही तिला सोबत मिळते. मला हे चित्रण अधिक खरे वाटते.