तर्कशास्त्राचे विद्यापीठीय अध्ययन

आधारविधाने खरी मानली की निष्कर्षही खरा मानावाच लागतो, असा संबंध युक्तिवादात आहे की नाही, हे त्याच्या केवळ आकारावरून ठरवणारे शास्त्र म्हणजे आकारिक तर्कशास्त्र. विद्यापीठांत ते प्रामुख्याने तत्त्वज्ञान, गणित आणि संगणकशास्त्र या विभागांत शिकवले जाते. महाराष्ट्रात त्याची ओळख आधीच होते: अकरावी-बारावीला कला शाखेत 'तर्कशास्त्र' हा स्वतंत्र ऐच्छिक विषय आहे आणि बारावीच्या गणितातही त्यावर एक प्रकरण असते. रोजच्या मराठीत 'तर्क' म्हणजे अंदाज. 'तर्कवितर्क' हा शब्द त्याच अर्थाने रुळला आहे. या शास्त्रात मात्र अंदाजाला जागा नाही. निष्कर्ष निघतो किंवा निघत नाही.

सत्यता आणि वैधता

सत्यता हा विधानाचा गुण, वैधता हा युक्तिवादाचा. हा भेद अंगवळणी पडला की निम्मा अभ्यास झाला असे समजायला हरकत नाही, पण तो पडायला वेळ लागतो. 'सर्व पक्षी उडतात. शहामृग पक्षी आहे. म्हणून शहामृग उडतो' हा युक्तिवाद वैध आहे. त्यातले पहिले विधान खोटे आहे आणि निष्कर्षही खोटा आहे, पण आधारविधाने खरी असती तर निष्कर्ष टळला नसता.

याउलट, 'सर्व मासे पृष्ठवंशीय आहेत. देवमासा पृष्ठवंशीय आहे. म्हणून देवमासा मासा आहे' यात दोन्ही आधारविधाने खरी असून निष्कर्ष खोटा आहे. हा अवैध आहे हे कुणीही मान्य करतो. आता 'देवमासा' काढून तेथे 'बांगडा' घाला. तिन्ही विधाने खरी झाली, तरी युक्तिवाद अवैधच राहिला, कारण आकार तोच आहे. परीक्षेत अनेक चुका या बांगड्यापाशी होतात: निष्कर्ष ओळखीचा आणि खरा दिसला की तो कुठून आला हे पाहायचे राहून जाते. म्हणून प्रतिउदाहरण शोधण्याची सवय लावतात. आकार तोच ठेवून आधारविधाने खरी आणि निष्कर्ष खोटा असे एक जरी उदाहरण सापडले, तरी तो आकार बाद होतो.

वाक्याकडून चिन्हांकडे

अभ्यासाचा खरा कस वाक्यांचे चिन्हांत रूपांतर करताना लागतो. मराठीत युक्तिवादाचा आकार अनेकदा एखाद्या अक्षरात दडलेला असतो. 'तिकीट असेल तर आत सोडतील' यात तिकीट पुरेसे आहे. 'तिकीट असेल तरच आत सोडतील' यात ते आवश्यक आहे, पण ते असले म्हणजे सोडतीलच अशी हमी नाही. एका 'च'ने 'जर–तर' दाखवणाऱ्या बाणाच्या चिन्हाची दिशा उलटते. 'सर्व विद्यार्थी उत्तीर्ण झाले नाहीत' या वाक्याचे तर दोन अर्थ होतात: एकही झाला नाही, किंवा काही राहिले. बोलताना सूर आणि संदर्भ निभावून नेतात. चिन्हांत लिहिताना नकार 'सर्व'च्या आधी की नंतर, हे ठरवावेच लागते.

'गरीब पण प्रामाणिक' यातला 'पण' चिन्हांत 'आणि'च होतो, विरोधाची छटा गळून पडते. 'किंवा'मध्ये दोन्ही पर्याय खरे असण्याची मुभा धरली जाते. 'प्रत्येक गावाला एक ग्रामदैवत आहे' यावरून 'सर्व गावांचे मिळून एकच ग्रामदैवत आहे' हे निघत नाही, कारण 'प्रत्येक' आणि 'एक' यांच्या क्रमावर अर्थ अवलंबून असतो. हा क्रम चिन्हांत नेमका मांडण्याची सोय गोटलोप फ्रेगे यांनी 1879 मध्ये केली. ॲरिस्टॉटलपासून चालत आलेल्या तर्कशास्त्राला हे जमत नव्हते. त्या जुन्या पद्धतीत संवाक्याचे, म्हणजे दोन आधारविधाने आणि एक निष्कर्ष असलेल्या युक्तिवादाचे, 256 आकार होतात. त्यांतले 15 बिनशर्त वैध ठरतात आणि उल्लेखिलेले वर्ग रिकामे नाहीत असे गृहीत धरले तर 24.

जर–तरचा पेच

ज्यातला 'जर'चा भाग खोटा आहे ते संपूर्ण विधान खरे मानायचे, हा नियम नव्या विद्यार्थ्याला पटत नाही. वचनाचा दाखला येथे उपयोगी पडतो. 'पाऊस पडला तर मी घरीच थांबेन' असे कुणी म्हणाले आणि पाऊस पडलाच नाही, तर तो थांबला काय नि बाहेर पडला काय, त्याने शब्द मोडला असे म्हणता येत नाही.

या बाबतीत माणसाची सहजबुद्धी किती फसते हे मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी 1966 मध्ये मांडलेल्या कोड्यातून दिसले. प्रत्येक पत्त्याच्या एका बाजूला अक्षर आणि दुसऱ्या बाजूला संख्या आहे. समोर दिसणाऱ्या चार पत्त्यांवर समजा अ, क, 4, 7 असे लिहिले आहे. 'एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम संख्या असते' हा नियम तपासायचा तर कोणते पत्ते उलटावेत? उत्तर आहे अ आणि 7, कारण नियम मोडला असेल तर तो याच दोघांवर दिसेल. प्रयोगशाळेत हे कोडे घातले असता साधारण दहातल्या एकालाच ते सुटते, अनेक जण 4 उलटतात. पण हाच नियम 'मद्य पीत असेल तर वय पुरेसे हवे' अशा ओळखीच्या रूपात दिला की बहुसंख्य लोक बरोबर उत्तर देतात. आकार ओळखण्याचा सराव मुद्दाम का करावा लागतो, हे यावरून कळते.

पद्धती

विधानांच्या तर्कशास्त्रात सत्यता कोष्टक, म्हणजे मूळ विधाने खरी-खोटी असण्याच्या सर्व शक्यता मांडणारा तक्ता, पुरते. मूळ विधाने 3 असली तर 8 ओळी, 10 असली तर 1,024. काम कंटाळवाणे, पण उत्तर नक्की मिळते. त्यापुढे नियम लावत पायरी-पायरीने सिद्धता लिहायची असते. आज शिकवल्या जाणाऱ्या या पद्धतीची एक मांडणी गेर्हार्ट गेन्त्सेन यांनी 1934-35 मध्ये केली. 'सर्व' आणि 'काही' आले की मात्र कोष्टक अपुरे पडते. तेथे कोणत्याही युक्तिवादाची वैधता यांत्रिकपणे ठरवणारी सर्वसाधारण रीत असूच शकत नाही, हे ॲलोन्झो चर्च आणि ॲलन ट्युरिंग यांनी 1936 मध्ये स्वतंत्रपणे सिद्ध केले.

न्यायपरंपरेशी नाते

तत्त्वज्ञान किंवा संस्कृत शिकणाऱ्यांना दुसरी एक परंपरा भेटते, ती न्याय या भारतीय दर्शनाची. सतराव्या शतकातील अन्नंभट्टांचा 'तर्कसंग्रह' हे तिचे प्रवेशद्वार. अथल्ये आणि बोडस यांची त्यावरील टिपांसह आवृत्ती बॉम्बे संस्कृत सीरीजमध्ये 1897 साली निघाली. शब्दांची मात्र गफलत होते. मराठीत 'निगमन' म्हणजे आधारविधानांतून अनिवार्य निष्कर्ष काढण्याची रीत. न्यायदर्शनात अनुमान पाच वाक्यांत मांडतात आणि निगमन हे प्रतिज्ञा, हेतू (कारण), उदाहरण, उपनय यांच्यानंतरचे पाचवे वाक्य. शिवाय न्यायातले अनुमान हे यथार्थ ज्ञानाचे साधन असल्याने आकार आणि सत्यता तेथे वेगळ्या काढल्या जात नाहीत, उदाहरणही द्यावेच लागते. तरीही बांगड्याचा युक्तिवाद नैयायिकाच्या हातून सुटत नाही. बांगडा मासा आहे, कारण तो पृष्ठवंशीय आहे, असे म्हटले की नैयायिक गाईकडे बोट दाखवील. पृष्ठवंश मासा नसलेल्या ठिकाणीही आढळतो, तेव्हा व्याप्ती, म्हणजे 'जेथे पृष्ठवंश तेथे मासा' असा अटळ संबंध, नाही. हेतू सव्यभिचार, म्हणजे नको तेथेही आढळणारा, ठरला.