धूर तेवढाच, जागा कमी

दिवाळी झाली की टीव्हीवर दिल्लीचा एक्यूआय (हवा किती खराब, त्याचा आकडा) सुरू होतो, ४०० च्या वर गेला की 'गंभीर', आणि आमच्या पानठेल्यावर दरवर्षी तोच सवाल, काहून भाऊ, हिवाळ्यात तिकडं गाड्या जास्त चालतात का? गाड्या तेवढ्याच. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पंजाब-हरियाणात धानाची धसकटं पेटतात आणि वायव्येचा वारा तो धूर दिल्लीवर आणतो हे खरं, फटाकेही खरे, पण जानेवारीत धसकटं नसतात आन फटाकेही नसतात, तरी दिल्ली खोकतच असते. त्याचं कारण हवामान, आणि त्यातली मला लय आवडणारी गोष्ट म्हणजे इन्व्हर्जन, तापमानाचा उलटा थर.

हा थर आपल्या गावात डोळ्यानं दिसतो. डिसेंबरात दिवस बुडाल्यावर वावरातून गावाकडं पाहा, चुलींचा धूर सरळ वर जातो, झाडांच्या शेंड्यांच्या थोडा वर गेला की मधातच थांबतो आणि निळसर पट्टीसारखा आडवा पसरतो.

ऊन हवेला थेट फारसं तापवत नाही, ऊन जमिनीला तापवतं आणि जमीन हवेला. म्हणून दिवसा खालची हवा गरम, हलकी, ती धूर घेऊन वर जाते. रात्री उलटं. आभाळ मोकळं, वारा पडलेला, रात्र लांब, जमीन आपली उष्णता आभाळाकडं सोडून देते आणि तिला टेकलेली हवा आधी गार होते, वरची अजून कोमटच. आता हिशोब करा. वर चढणारी कोरडी हवा पसरते आणि दर १०० मीटरला साधारण १ अंश थंड होते. समजा जमिनीजवळ १० अंश आहे आणि २०० मीटरवर १४. धुराची १२ अंशाची हवा निघाली, ती चढताना थंड होत चालली आणि भोवतालची हवा मात्र उंचीबरोबर गरम होत चालली, म्हणजे ७० मीटरच्या आतच दोघींचं तापमान सारखं होतं, त्याच्यावर गेली तर ती भोवतालपेक्षा जड, परत खाली. झाकण लागलं.

दिल्लीत मे महिन्यातल्या दुपारी धुराला मिसळायला दोन-तीन किलोमीटर उंची मिळते, जानेवारीच्या पहाटे दोन-तीनशे मीटर, कधी त्याहूनही कमी. धूर तेवढाच, जागा दहावा हिस्सा, मग पीएम २.५ (केसाच्या जाडीच्या वीस-पंचविसाव्या भागाएवढे बारीक कण) दहापट होणारच. ही उंची गुणिले वाऱ्याचा वेग म्हणजे व्हेंटिलेशन इंडेक्स, तो ६००० चौरस मीटर प्रति सेकंदाच्या खाली आणि वारा ताशी १० किलोमीटरच्या आत असला की दिल्लीची हवा कोंडली समजा. वरून धुकं आलं तर ऊन जमिनीपर्यंत पोचत नाही, झाकण दुपारपर्यंत उघडत नाही. लंडनमध्ये डिसेंबर १९५२ ला असंच पाच दिवस झालं, कोळशाच्या धुरात हजारो माणसं मेली.

आणि ते हवनानं हवा शुद्ध होते वालं फॉरवर्ड, बाप्पा, गोवऱ्या आन तूप जाळून निघतो तोही पीएम २.५ च! हवा साफ करायचे मनोरे उभारणं त्याच जातीचं, अख्ख्या शहराची हवा मनोऱ्यातून जात नसते.

थर्मलच्या (कोळशाच्या वीजकेंद्राच्या) मोठ्या चिमण्या २७५ मीटरपर्यंत उंच बांधतात त्या याच्यासाठीच, धूर झाकणाच्या वर सुटावा म्हणून. पण गंमत सकाळी. ऊन चढलं की झाकण खालून वर तुटत जातं, हवेची घुसळण चिमणीच्या धुराच्या उंचीला पोचली की रातभर वर तरंगलेला धूर एकदम खाली येतो. याला फ्युमिगेशन म्हणतात. नंतर ऊन आणखी तापलं की सगळं उंच पांगतं, दुपारी दोन-तीनची हवा दिवसातली सगळ्यात बरी.

आपल्याकडं पऱ्हाटीचे (कपाशीच्या वाळक्या झाडांचे) ढीग पेटवायला मात्र लोक संध्याकाळच धरतात, वारा पडलेला असतो, आग धुऱ्यापलीकडं, म्हणजे वावराच्या बांधापलीकडं, जात नाही, आणि धूर रातभर गावावर.