शांदोर एलेश : ‘परदेशी माणसा’च्या भूमिकांमागची पार्श्वभूमी

हंगेरियन लेखनात ‘ए’ या स्वरावरची रेघ नेहमी उजवीकडे कललेली असते; डावीकडे कललेली रेघ त्या लिपीत नाहीच. तरीही शांदोर एलेश या हंगेरियन नटाचे आडनाव ब्रिटिश चित्रपटांच्या श्रेयनामावलीत डावीकडे कललेल्या, म्हणजे फ्रेंच वळणाच्या रेघेसह छापले जात असे. हंगेरियनमध्ये ‘एलेश’ म्हणजे धारदार. नावाच्या मांडणीतली ही उलटापालट पाहिली की त्यांच्या कारकिर्दीचे मर्म ध्यानात येते. ब्रिटिश पडद्याला युरोप खंडातल्या कुठल्याही देशाचा म्हणून खपेल असा माणूस हवा होता, आणि तो मुळात कुठला, याची फारशी चौकशी कोणी करत नसे.

एलेश यांचा जन्म १९३६ चा, बुडापेस्टच्या पश्चिमेला असलेल्या तताबान्या या कोळसा खाणींच्या गावातला. ऑक्टोबर १९५६ मध्ये हंगेरीत सोव्हिएत वर्चस्वाविरुद्ध उठाव झाला, ४ नोव्हेंबरला रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले, आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत सुमारे दोन लाख लोक देश सोडून गेले. त्यांतले बहुतेक ऑस्ट्रियाच्या सीमेवरून बाहेर पडले आणि वीस हजारांहून अधिक ब्रिटनमध्ये आले. एलेश याच लाटेतले.

ब्रिटिश चित्रसृष्टीला हंगेरियन माणसे नवी नव्हती. लंडन फिल्म्सचे संस्थापक अलेक्झांडर कोर्डा हे जन्मतः शांदोर केलनर (‘शांदोर’ हे ‘अलेक्झांडर’चेच हंगेरियन रूप), आणि त्यांचे भाऊ झोल्टान व व्हिन्सेंट हेही त्याच धंद्यात होते. पटकथाकार एमेरिक प्रेसबर्गर मिश्कोल्त्सचे. मात्र ही सारी मंडळी कॅमेऱ्याच्या मागची. तिथे उच्चार आड येत नाही. नटाच्या मात्र तो तोंडातच असतो. हंगेरियनमध्ये आघात शब्दाच्या पहिल्या अक्षरावर ठरलेला असल्यामुळे त्या माणसाचे इंग्रजी एका विशिष्ट ठेक्यात पडते, आणि इंग्रज श्रोत्याला हा माणूस इथला नाही हे दुसऱ्या वाक्यातच कळते.

सुदैवाने साठच्या दशकात याच गोष्टीला बाजारभाव आला. ल्यू ग्रेड यांची आयटीसी ही संस्था ‘द सेंट’, ‘डेंजर मॅन’ यांसारख्या मालिका अमेरिकेत विकण्यासाठी बनवत होती. कथा पॅरिसमध्ये, रोममध्ये किंवा एखाद्या काल्पनिक पोलादी राजवटीत घडे, चित्रीकरण मात्र प्रामुख्याने लंडनजवळच्या स्टुडिओंतच होई. शहराचे एखादे साठवणीतले दृश्य दाखवले की उरलेले परदेशपण नटाच्या उच्चारातून उभे करायचे. या व्यवस्थेत माणसांच्या वाट्याला विचित्र भूमिका येत. नाझींच्या राजवटीत जर्मनी सोडलेल्या अँटन डिफ्रिंग यांनी पुढे कितीतरी वेळा नाझी अधिकारीच रंगवले. एलेश देखणे, सडपातळ, गुळगुळीत वागणुकीचे. त्यांना मोहक पण भरवशाचा न वाटणारा परदेशी हा साचा मिळाला.

भयपटांसाठी प्रसिद्ध असलेल्या हॅमर या ब्रिटिश चित्रसंस्थेच्या ‘द ईव्हिल ऑफ फ्रँकेन्स्टाइन’मध्ये (१९६४) ते पीटर कुशिंग यांनी रंगवलेल्या बॅरन फ्रँकेन्स्टाइनचे मदतनीस हान्स होते. पण या साच्याचा सर्वांत हुशार वापर ‘अँड सून द डार्कनेस’ने (१९७०) केला, असे मला वाटते. उत्तर फ्रान्समधल्या सपाट, उघड्या रस्त्यावर दोन इंग्रज मुली सायकलवरून निघाल्या आहेत, आणि काळा चष्मा लावलेला पॉल स्कूटरवरून त्यांच्या मागे-पुढे घुटमळतो. फ्रेंच संवादांना उपशीर्षके नाहीत, त्यामुळे मुलींइतकेच प्रेक्षकही गोंधळलेले. पॉलने काही केलेले दिसत नाही, तरी आपण त्याच्यावर संशय घेतो. खुनी तो नसतोच. भर उन्हात घडणारा हा चित्रपट प्रेक्षकाच्या सवयीवरच डाव टाकतो, आणि फ्रेंच पॉल साकारणारा नट हंगेरियन आहे, हे त्यातले आणखी एक मजेदार वळण.

पुढच्याच वर्षी खरीखुरी हंगेरियन भूमिका आली. तरुण मुलींच्या रक्ताने न्हाणारी म्हणून कुप्रसिद्ध झालेल्या एर्झेबेत बाथोरी या हंगेरियन सरदारस्त्रीच्या दंतकथेवर बेतलेल्या ‘काउंटेस ड्रॅक्युला’चे दिग्दर्शक पीटर सास्दी आणि निर्माते अलेक्झांडर पाल दोघेही हंगेरियन; सास्दी तर १९५६ मध्येच देश सोडलेले. एलेश यांनी हुसार, म्हणजे हंगेरियन घोडदळातला तरुण अधिकारी इम्रे टोथ रंगवला. पण हंगेरीचा हा किल्ला उभा राहिला पाइनवुड स्टुडिओत, ट्यूडर काळावरच्या एका चित्रपटासाठी आधी बांधलेल्या नेपथ्यातून. नायिका इन्ग्रिड पिट पोलंडच्या. त्यांचा आवाज काढून दुसऱ्या अभिनेत्रीचा वापरला गेला आणि त्या यावर चिडल्या होत्या. हंगेरियनांनी हंगेरीवर केलेल्या चित्रपटात मुख्य पात्राच्या तोंडचा परका उच्चारच नको झाला, हे नवलच म्हणायचे.

ऐंशीच्या दशकात ‘क्रॉसरोड्स’ या बर्मिंगहॅममध्ये बनणाऱ्या, समीक्षकांनी झोडपलेल्या पण घराघरांत पाहिल्या जाणाऱ्या मालिकेत ते मोटेलच्या उपाहारगृहाचे व्यवस्थापक पॉल रॉस झाले. पात्राचे नाव पुन्हा पॉलच, पण आता तो कोणाचा पाठलाग करत नव्हता. जेवणाच्या टेबलांची व्यवस्था पाहत होता. मालिका १९८८ मध्ये संपली. एलेश सप्टेंबर २००२ मध्ये वारले.