प्रोस्टेटची गोळी परस्पर बंद करण्यापूर्वी

आमच्या औषधालयातून दरमहा प्रोस्टेटची (वाढल्यास लघवीला अडथळा आणणाऱ्या पुरुषांतील ग्रंथीची) औषधे नेणारे एखादे ग्राहक दोन-तीन महिने येईनासे होतात, आणि मग एके दिवशी त्यांचा मुलगा लघवी तुंबून नळी घालावी लागल्याचे सांगत नवी चिठ्ठी घेऊन येतो. विचारपूस केली की बहुधा एकच कारण निघते : गोळी सुरू झाल्यावर संबंधाच्या वेळी वीर्य बाहेर येईना, डॉक्टरांना सांगायला संकोच वाटला, म्हणून गोळी गुपचूप बंद केली.

टॅमसुलोसिन, सिलोडोसिन आणि अल्फुझोसिन ही औषधे प्रोस्टेटचे व मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू सैल करतात, त्यामुळे लघवी मोकळी होते. याच सैलपणामुळे वीर्य कमी सुटते किंवा मागे मूत्राशयात जाऊन नंतर लघवीवाटे निघून जाते. चाचण्यांमध्ये सिलोडोसिन घेणाऱ्या सुमारे 28 टक्के, तर 0.4 मिलिग्रॅम टॅमसुलोसिन घेणाऱ्या सुमारे 8 टक्के पुरुषांना स्खलनाचा असा त्रास आढळला. अल्फुझोसिनमध्ये तो क्वचितच दिसतो. यात सुखाची जाणीव बहुधा कायम राहते, वीर्य अंगात साचत नाही, अशक्तपणा येत नाही आणि औषध थांबवल्यावर स्खलन सहसा पूर्ववत होते. मूल हवे असलेल्या दांपत्याने मात्र ही गोष्ट डॉक्टरांना आधीच सांगावी.

फिनास्टेराइड आणि ड्युटास्टेराइड यांचे काम वेगळे आहे. ती ग्रंथीला वाढवणाऱ्या संप्रेरकाची निर्मिती रोखून ग्रंथी हळूहळू लहान करतात आणि पूर्ण गुण यायला सहा महिने लागू शकतात. काहींची कामेच्छा किंवा ताठरता यांमुळे कमी होते, वीर्याचे प्रमाण घटते, क्वचित स्तन दुखरे होतात. बऱ्याच जणांचा त्रास पुढे ओसरतो, परंतु थोड्या जणांच्या बाबतीत तो औषध बंद केल्यानंतरही राहिल्याची नोंद आहे, आणि हे आम्ही कोणापासून लपवत नाही. या औषधांनी रक्तातील पीएसएचा (प्रोस्टेटच्या कर्करोगाची शंका तपासताना पाहिल्या जाणाऱ्या प्रथिनाचा) आकडा साधारण निम्मा होतो, म्हणून तपासणीपूर्वी आपण ती घेत आहोत हे सांगायलाच हवे.

बाजारात या दोन्ही प्रकारची औषधे एकाच गोळीत असलेल्या जोडगोळ्याही मिळतात. म्हणून "प्रोस्टेटची गोळी" एवढे सांगून किंवा नावाचा भाग कापलेली पट्टी दाखवून त्रास कशाचा आहे हे आम्हाला ओळखता येत नाही. कृपया चिठ्ठी किंवा पूर्ण नाव दिसणारी पट्टी आणावी, आणि मधुमेहाच्या व रक्तदाबाच्या गोळ्याही सोबत आणाव्यात, कारण ताठरतेची तक्रार पुष्कळदा मधुमेहातून किंवा रक्तदाबाच्या काही औषधांतून उद्भवते.

चिठ्ठीशिवाय गोळी बदलून न दिल्याबद्दल काही ग्राहक आमच्यावर रागावतात. कारण सांगतो. काहींना रोजची 5 मिलिग्रॅम टाडालाफिल लघवी आणि ताठरता या दोन्हींसाठी उपयोगी पडते. पण छातीत दुखल्यावर जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवणाऱ्या रुग्णाचा रक्तदाब तिच्यामुळे धोकादायकरीत्या खाली जाऊ शकतो. हृदयाचा इतिहास न पाहता ती काउंटरवरून देणे आम्हाला मान्य नाही आणि कायद्यालाही ते मंजूर नाही.

गोळी नको म्हणून शस्त्रक्रियेकडे वळणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे की दुर्बिणीतून ग्रंथी कोरून काढल्यावर बहुतांश पुरुषांचे वीर्य मागे जाऊ लागते आणि ते सहसा कायमचे असते, जरी ताठरता बहुतेकांची टिकून राहते. निर्णयापूर्वी युरोलॉजिस्टना हा प्रश्न थेट विचारावा.

त्रास झाल्यास गोळी चालू ठेवून पहिल्यांदा डॉक्टरांना कळवावे; उभे राहताना चक्कर येत असेल तर त्याच दिवशी. मध्ये काही दिवस खंड पडला असल्यास जुना डोस आपल्या मनाने पुन्हा सुरू करू नये. तोंडी सांगणे अवघड वाटत असेल तर काउंटरवर चिठ्ठीवरील औषधाचे नाव दाखवून "खाजगी बोलायचे आहे" एवढेच म्हणावे. आमचे फार्मासिस्ट आपल्याला आतल्या खोलीत बसवून ऐकतील आणि डॉक्टरांना दाखवता येईल अशी नोंद लिहून देतील, त्यासाठी शुल्क नाही. दरमहाची औषधे नावाचा उल्लेख नसलेल्या बंद पाकिटात घरपोच देण्याची सोयही आमच्याकडे आहे.