ॲडिशन म्हणजे इम्प्रोव्हायझेशन नव्हे

ॲडिशन, म्हणजे संहितेत नसलेलं, नटाने ऐनवेळी घातलेलं वाक्य, काय असते हे नाशिकच्या नाटकवाल्यांना सांगायला नको. ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये दादा कोंडके ताज्या घडामोडींवर घेत त्या ॲडिशन आजही आठवल्या जातात. हजरजबाबीपणा, टायमिंग, समोर भरलेलं नाट्यगृह. ती कला मोठीच आहे. पण कॉलेजच्या मुलांवर खरीखुरी वाटणारी मालिका करायची म्हणून दिग्दर्शक सांगतो, ‘तुमच्या भाषेत बोला, इम्प्रोव्हाइज करा’, आणि हाती लागतात त्या ॲडिशनच. दर दोन वाक्यांनी ‘भावा’, ‘लई भारी’ आणि मिसळ. नाशिकची सोळा वर्षांची पोरं एवढं नाशिक-नाशिक करत बोलत नाहीत हो!

दोन्हींत वाक्य ऐनवेळी सुचतं, इथवर साम्य. खरा फरक नट कोणासाठी बोलतो, यात आहे. ॲडिशन प्रेक्षकांसाठी असते. हशा आला की तिचं काम झालं. इम्प्रोव्हायझेशनमध्ये नटाला समोरच्या पात्राकडून काहीतरी हवं असतं आणि ते मिळेल की नाही, हे त्याला ठाऊक नसतं. म्हणून दिग्दर्शकाने वाक्य नव्हे, गरज द्यावी. तीही प्रत्येकाला बाजूला घेऊन, वेगवेगळी.

समजा, कॉलेज रोडवर क्लास सुटलाय. एकाला सांगा: मित्राकडून दोन हजार रुपये मिळवायचे, कशासाठी ते बोलायचं नाही. दुसऱ्याला: बाबांची नोकरी गेलीय, कोणाला कळू द्यायचं नाही. आता पहिला विषय काढेपर्यंत स्कूटीचा आरसा फिरवत बसेल, दुसरा ‘चल, उशीर होतोय’ म्हणत किल्ली लावेल. वाक्यं अर्धवट, एकमेकांवर चढणारी. तशीच राहू द्यावीत. मधली शांतता भरायला कोणी विनोद टाकला, तर टेक तिथेच कापावा.

इम्प्रोव्हायझेशनला संहिता किंवा तयारी लागत नाही, हा आणखी एक गैरसमज. २००८ मध्ये कान चित्रपट महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार मिळवलेल्या ‘आंत्र ले म्यूर’ या फ्रेंच चित्रपटातल्या शाळकरी मुलांनी आधी शालेय वर्षभर कार्यशाळा केल्या होत्या. ‘फ्रायडे नाइट लाइट्स’ या अमेरिकन मालिकेत संवाद लिहिलेले असत, नटांना ते बदलायची मुभा असे आणि तीन कॅमेरे एकदम चालत. कारण असं बोलणं दुसऱ्या टेकला जुळत नाही. बोलणारा आणि ऐकणारा, दोघांचे चेहरे एकाच वेळी टिपावे लागतात. आपल्याकडे एकच कॅमेरा असेल तर इम्प्रोव्हायझेशन तालमीत करा, जमलेलं लिहून काढा आणि मगच शूटिंगला उभे राहा.